खंबाटकीचा साखळी अपघात आणि विम्याच्या फायलीतली एक ओळ

माझ्या गाडीचा क्लेम जानेवारी 2025 मध्ये मिटला. अपघात झाला तेव्हा मला एवढंच माहीत होतं की पॉलिसी चालू आहे आणि 'झिरो डेप', म्हणजे बदललेल्या भागांच्या किमतीतून घसारा न कापण्याचं जादा संरक्षण, घेतलेलं आहे. पुढे काय काय घडतं, कोण कोणाला विचारतं, कुठे अडतं, याचं मराठीत लिहिलेलं फारसं काही हाती लागलं नाही. म्हणून तारखांसकट लिहून ठेवतेय. यात मुख्य गोष्ट एकच आहे आणि ती आधीच सांगते. तुमचा अपघात कसा झाला हे विमा कंपनीच्या फायलीत एका ओळीत लिहिलेलं असतं आणि पुढचा सगळा हिशोब त्या ओळीवरून चालतो. ती ओळ पहिल्याच दिवशी वाचून घ्या.

शनिवार, 7 डिसेंबर 2024. आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आम्ही पहाटे कराडहून पुण्याला निघालो. गाडी मी चालवत होते, आई शेजारी बसली होती. साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर उताराला ते 'एस' वळण लागलं. तिथे पुढे वाहनं तुंबली होती. माझ्या पुढची पांढरी गाडी थांबली, मीही थांबले आणि तेवढ्यात मागून भाजीचा टेम्पो आदळला. त्या धक्क्याने माझी गाडी पुढच्या गाडीवर गेली. दोन आवाज झाले, एकामागोमाग एक. आईने पट्टा लावलेला होता. खांदा दुखतोय म्हणाली, बाकी बरी होती. माझे हात इतके थरथरत होते की इंडिकेटरचं बटण पटकन दाबता येईना.

गाड्या हलवायच्या आधी मी फोटो काढले. यापुढे जे काही नीट झालं ते त्या फोटोंमुळे झालं, म्हणून जरा सविस्तर सांगते. नुसत्या चेपलेल्या भागाचे जवळून काढलेले फोटो पुरत नाहीत. थोडं लांब जाऊन तिन्ही वाहनं एका चौकटीत, एकमेकांना चिकटलेली, नंबरप्लेटसह दिसतील असा एक फोटो हवा. रस्त्याचा बोर्ड किंवा दुभाजक त्यात आला तर फार बरं. मग माझ्या बॉनेटचा, पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरचा, टेम्पोच्या तोंडाचा. पुढच्या गाडीच्या बंपरच्या फटीत माझ्या ग्रिलचा एक काळा तुकडा अडकून बसला होता, तोही टिपला. फक्त रहदारी अंगावर येत असताना रस्त्याच्या मधोमध उभं राहून फोटो काढू नका. टेम्पोचा क्लीनर मागे उभा राहून वाहनांना हात दाखवत होता म्हणून मला ते जमलं.

पुढच्या गाडीत कोल्हापूरचं एक कुटुंब होतं. ते काका उतरले तेव्हा मला वाटलं आता भांडण होणार. त्यांनी आधी आईला पाणी दिलं. म्हणाले, "ताई, तुम्ही थांबलाच होता, आम्ही आरशात बघितलंय. काय लागलं तर फोन करा." त्यांचा नंबर घेतला. टेम्पो चालवणारा विशीतला मुलगा होता, घाबरून गेला होता. त्याने मालकाला फोन लावून दिला. मालकाने दहा हजार रुपये लगेच पाठवतो, कागदावर 'तक्रार नाही' एवढं लिहून द्या, असं सांगितलं. मी साताऱ्यातल्या माझ्या दादाला फोन केला. तो म्हणाला, पैसेही घेऊ नकोस आणि सहीही करू नकोस. त्यामागचं कारण मला नंतर पॉलिसीच्या अटींत सापडलं. विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने कुणाला काही कबूल करायचं नाही, तडजोड करायची नाही, अशी अट असते. रस्त्यात मिटवामिटवी केली की पुढे क्लेम अडू शकतो. टेम्पोचा नंबर, त्या मुलाचं लायसन आणि टेम्पोच्या विम्याचा कागद यांचे फोटो घेतले. विमा चालू आहे का हे एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकूनही कळतं.

1033 हा राष्ट्रीय महामार्गांचा मदत क्रमांक. तिथे फोन केल्यावर गस्तीची गाडी आणि क्रेन आली, वाहनं कडेला घेतली. माझ्या गाडीखाली हिरवट पाण्याची धार लागली होती, म्हणजे कूलंट गळत होतं. टेम्पोमालक फोनवर सांगत होता की चालू करून हळूहळू शिरवळपर्यंत न्या. तसं करायचं नाही. अपघातात मोडलेलं विम्यातून भरून मिळतं, पण मोडलेल्या अवस्थेत गाडी चालवून इंजिन तापलं आणि खराब झालं तर ते नुकसान अपघाताचं धरलं जात नाही.

महामार्ग पोलिसांनी विचारलं, कुणाला लागलंय का. कुणी जखमी किंवा दगावलं असेल तर गुन्हा नोंदवणं आलंच. आमच्या बाबतीत हवालदार म्हणाले, "ताई, स्टेशन डायरीला नोंद करून घ्या, विम्याला तेवढी पुरते." कोल्हापूरचे काका, टेम्पोवाला आणि मी, तिघेही ठाण्यात गेलो. नोंदीत लिहिलं गेलं ते असं: 'टेम्पोने पाठीमागून धडक दिल्याने सदर कार पुढील कारवर आदळून कारचे पुढील व मागील बाजूचे नुकसान झाले.' मी ते वाचून घेतलं, वेळ आणि वाहनांचे नंबर तपासले आणि प्रत मागितली. तासभर गेला, पण त्या प्रतीचा पुढे फार उपयोग झाला.

कंपनीच्या टोल फ्री नंबरवर मी घटनास्थळावरूनच कळवलं होतं. पलीकडच्या मुलीला मी सगळं सांगितलं: मागून टेम्पो, मग पुढे कार. तिने पॉलिसी नंबर, जागा, वेळ, चालकाचं नाव विचारून क्लेम नंबर दिला. थोड्या वेळाने एसएमएस आला. त्यात कारणाच्या जागी इंग्रजीत एवढंच होतं: रिअर हिट बाय टीपी व्हेइकल. म्हणजे तिसऱ्या पक्षाच्या वाहनाची मागून धडक. पुढच्या धडकेचं नावच नव्हतं. त्या वेळी आई कडेला दगडावर बसलेली, फोनची बॅटरी संपत आलेली. त्या ओळीत काही कमी आहे असं मनातही आलं नाही.

पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स होतं, त्यामुळे टोचनचा खर्च वाचला. तिथे उभा असलेला खाजगी क्रेनवाला साताऱ्यापर्यंतचे साडेचार हजार सांगत होता. ज्यांच्याकडे हे जोडसंरक्षण, म्हणजे जादा हप्ता भरून घेतलेलं अ‍ॅड-ऑन, नाही त्यांच्यासाठी: खाजगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत गाडी जवळच्या वर्कशॉपला नेण्यासाठी जास्तीत जास्त 1,500 रुपये मिळतात, पावती मात्र घ्यायला हवी. गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रक यायला दुपार झाली. गाडी कुठे टाकायची हा निर्णय तिथेच घ्यावा लागतो. मी पुण्याऐवजी साताऱ्यातलं कॅशलेसच्या यादीतलं वर्कशॉप निवडलं, कारण कराडहून तिथे एसटीने जाता येतं आणि दादा तिथेच राहतो. पुढे वारंवार जावं लागतं, म्हणून स्वतःला सहज पोचता येईल असंच ठिकाण धरा. संध्याकाळी साताऱ्यात आईच्या खांद्याचा एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. तो खर्च आमचा आम्हीच केला.

सोमवारी, 9 तारखेला वर्कशॉपमध्ये कागद दिले: क्लेम फॉर्म, आरसी, लायसन, पॉलिसी, पॅन, आधार, पोलीस नोंदीची प्रत. आरसी आणि लायसन डिजिलॉकरमधून चाललं. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने फॉर्मबरोबर आणखी एक कागद पुढे केला आणि म्हणाला, मॅडम इथे नुसती सही करा, बाकीचं आम्ही भरतो. ते समाधानपत्र होतं. काम पसंत पडलं, एवढ्या रकमेत माझा दावा पूर्ण मिटला, असं त्यात लिहिलेलं असतं. गाडी अजून उघडलेलीही नव्हती. मी सांगितलं, हा कागद डिलिव्हरीच्या दिवशी रक्कम बघून देईन. त्याने हरकत घेतली नाही. बहुतेक लोक सही करून टाकतात एवढंच. क्लेम फॉर्ममध्ये अपघाताचं वर्णन करायला दोन-तीन ओळींची जागा असते. तिथे मी पोलीस नोंदीतलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि तीन चौकोन काढून कोण कुठे होतं ते दाखवलं.

इस्टिमेट निघालं 1,04,600 रुपयांचं. मागे डिकी, बंपर, उजवा टेललाइट आणि बॅक पॅनेल. पुढे बंपर, ग्रिल, डावा हेडलाइट, बॉनेट, रेडिएटर सपोर्ट, एसीचा कंडेन्सर. शिवाय मजुरी आणि पेंटिंग.

सर्व्हेयर, म्हणजे नुकसानीची पाहणी करून किती रक्कम द्यायची ते ठरवणारे, गुरुवारी, 12 तारखेला आले. मी मुद्दाम हजर राहिले. सर्व्हेयर हा कंपनीचा नोकर असतोच असं नाही. मोठ्या नुकसानासाठी विमा नियामकाचा परवाना असलेला स्वतंत्र माणूस नेमावा लागतो. हे गृहस्थ वयस्कर होते, बोलायला सरळ. टॅबवर कंपनीची नोंद उघडून त्यांनी मागची बाजू तपासली, फोटो घेतले. मग पुढे आले आणि म्हणाले, "हे यात येत नाही. यात फक्त मागची धडक आहे. पुढचं वेगळं. त्यासाठी दुसरा क्लेम टाका."

दुसऱ्या क्लेमने बिघडतं काय? मलाही आधी वाटलं की हजार रुपयांचाच प्रश्न असेल. 1500 सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममागे 1,000 रुपयांची सक्तीची वजावट असते, म्हणजे तेवढे आपण खिशातून भरायचे, त्याहून मोठ्या इंजिनाला 2,000. दोन क्लेम म्हणजे दोनदा वजावट. पण खरा तोटा पुढे आहे. माझ्या पॉलिसीत झिरो डेप वर्षातून दोनच क्लेमना लागू होतं, आणि बऱ्याच कंपन्यांत असंच असतं. एका अपघातात दोन्ही संपले असते आणि एप्रिलपर्यंत, म्हणजे पॉलिसीच्या नूतनीकरणापर्यंत, गाडी एका अर्थाने उघडी पडली असती. झिरो डेप नसेल तर घसारा कापतात: प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर 50 टक्के, फायबरग्लासवर 30, काचेवर शून्य, आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. माझी गाडी एप्रिल 2021 ची, म्हणजे तीन ते चार वर्षांच्या गटात, तिथे 25 टक्के. पाचव्या वर्षानंतर हाच आकडा 40 होतो. पुढच्या अपघातात दोन बंपर, ग्रिल, हेडलाइट आणि टेललाइट एवढ्यावर अर्धे पैसे खिशातून घालायचे म्हटलं तर रक्कम लहान राहत नाही.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅडव्हायझरचा फोन आला. त्याने सोपा मार्ग सुचवला: "मॅडम, पुढच्या बाजूसाठी दुसरी तारीख टाकू. पार्किंगमध्ये खांबाला लागली असं लिहू. सगळे असंच करतात, लगेच मंजूर होतं." मी नाही म्हटलं, आणि इथे मला कळकळीने सांगायचंय की तुम्हीही नाहीच म्हणा. न घडलेला अपघात लिहून द्यायचा आणि खाली स्वतःची सही करायची, म्हणजे खऱ्या नुकसानीवर खोटा कागद तयार करायचा. खोटी माहिती दिली हे सिद्ध झालं तर कंपनी क्लेम नाकारू शकते, पॉलिसी रद्दही करू शकते. वर्कशॉपची त्यावर कुठेही सही नसते. आपलं सगळं खरं असताना केवळ नोंद सोयीची नाही म्हणून आपण खोटं का लिहायचं? त्या फोननंतर मला फार राग आला होता. आईला मी काही सांगितलं नाही, तिने चेहऱ्यावरून ओळखलं.

शनिवार-रविवारी बसून पुरावे जमवले. तिन्ही वाहनांचा एकत्र फोटो होताच, फोनमध्ये त्याची वेळ आणि जागाही नोंदलेली होती. पोलीस नोंदीची प्रत होती. फास्टॅगच्या खात्यातून आनेवाडी टोलनाक्यावरून त्या सकाळी गेल्याची नोंद काढली. कोल्हापूरच्या काकांना फोन केला. त्यांनी त्यांच्या गाडीच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवले, आणि न सांगता एका साध्या कागदावर घडलेली हकिकत लिहून, सही करून, तोही फोटो पाठवला. त्यांनी स्वतःच्या कंपनीकडे क्लेम टाकला होता, त्याचा नंबरही त्यात लिहिला. ओळख ना पाळख, तरी एवढं केलं. त्यांचे उपकार विसरणार नाही.

सोमवारी, 16 तारखेला कंपनीला ईमेल केला आणि सर्व्हेयरलाही प्रत ठेवली. मजकूर अगदी थोडका ठेवला, तो असा:

'क्लेम क्रमांक अमुक. 7 डिसेंबर 2024 रोजी सकाळी खंबाटकी बोगद्यानंतरच्या वळणावर माझी कार रहदारीत थांबलेली असताना टेम्पोने मागून धडक दिली व त्याच धक्क्याने माझी कार पुढील कारवर आदळली. ही एकच सलग घटना आहे. आपल्या नोंदीत फक्त मागील धडकेचा उल्लेख आहे. फोनवर कळवताना मी दोन्ही धडका सांगितल्या होत्या, त्या संभाषणाचे रेकॉर्डिंग आपण तपासावे. पोलीस नोंद, फोटो व पुढील कारच्या मालकांचे निवेदन सोबत जोडले आहे. नोंद दुरुस्त करून एकाच क्लेमखाली संपूर्ण नुकसानीची पाहणी करावी.'

रेकॉर्डिंगचं वाक्य दादाने घालायला लावलं. असे फोन ध्वनिमुद्रित होतात हे कंपनीच सुरुवातीला ऐकवत असते, तर मग तेच ऐका म्हणायचं.

सर्व्हेयरनी फोटो बघून फोन केला आणि स्वच्छ सांगितलं की धडक एकच दिसतेय. माझ्या बॉनेटवरच्या वळाची उंची आणि समोरच्या बंपरची उंची जुळत होती. पण कंपनीने नोंद बदलल्याशिवाय त्यांना पुढची बाजू अहवालात घेता येत नव्हती. म्हणजे त्यांच्याशी वाद घालण्यात काही अर्थ नव्हता. कंपनीकडून शुक्रवारी, 20 तारखेला उत्तर आलं: नोंदवलेल्या कारणात बदल करता येत नाही, कृपया वेगळा क्लेम नोंदवावा. खाली कुणाचंही नाव नाही.

मग सोमवारी, 23 तारखेला त्याच कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे गेले, म्हणजे ईमेलनेच. हा पत्ता पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर छापलेला असतो. नेहमीच्या ग्राहक सेवेपेक्षा हा दरवाजा वेगळा असतो आणि तिथली तक्रार मोजली जाते, तिला क्रमांक मिळतो. त्यात मी विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, 2024 च्या परिपत्रकातल्या मुदती लिहिल्या: सर्व्हेयरचा अहवाल नेमणुकीपासून 15 दिवसांत, आणि अहवाल मिळाल्यावर 7 दिवसांत कंपनीचा निर्णय. इथे दाद लागली नाही तर पुढे काय, तेही शोधून ठेवलं होतं. नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल आहे, 155255 हा त्यांचा फोन आहे. त्यानंतर विमा लोकपाल. लोकपालांचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. फक्त आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट बघावी लागते, आणि कंपनीने अंतिम नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. माझ्यावर ती वेळ आली नाही.

नाताळच्या आठवड्यात कंपनीच्या विभागीय कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. त्यांनी पहिल्यांदाच मला सगळं सलग सांगू दिलं. मधे दोनच प्रश्न विचारले: धडक बसली तेव्हा तुमचा पाय ब्रेकवर होता का, आणि दोन धडकांमध्ये किती वेळ गेला. मग सहीनिशी लेखी जबाब मागितला, तो त्याच दिवशी पाठवला. 31 डिसेंबरला संध्याकाळी मेल आला: एकच घटना ग्राह्य, पुढच्या बाजूच्या पाहणीला परवानगी. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं, ती म्हणाली, खरं होतं ते खरं ठरलं.

यानंतरचं काम तुलनेने सरळ झालं. सर्व्हेयर पुन्हा आले. कोणता भाग बदलायचा आणि कोणता ठोकून सरळ करायचा यावर त्यांच्यात आणि अ‍ॅडव्हायझरमध्ये ओढाताण झाली. वर्कशॉपला नवीन भाग हवे असतात, सर्व्हेयरला दुरुस्ती. मी दोघांना एकत्र उभं करून प्रत्येक भागाबद्दल विचारलं. डिकी नवीन ठरली, कारण कडेची घडीच दुमडली होती आणि सील बसलं नसतं. बॉनेट आणि बॅक पॅनेल डेंटिंग करून घ्यायचं ठरलं. रेडिएटर सपोर्ट नवीन. हे सगळं त्याच वेळी इस्टिमेटच्या प्रतीवर लिहून घेतलं.

सर्व्हेयरच्या हिशोबाचा तक्ता मागून घ्या, तो तुम्हाला मागता येतो. त्यात प्रत्येक भागापुढे इस्टिमेटची रक्कम, मंजूर रक्कम, घसारा असे रकाने असतात. शेवटी सक्तीची वजावट आणि भंगाराची किंमत. पेंटिंगचा रकाना नीट बघा. झिरो डेप नसेल तर पेंटच्या फक्त साहित्यावर 50 टक्के घसारा लागतो, मजुरीवर नाही, आणि एकत्रित बिल असेल तर त्यातले 25 टक्के साहित्य धरायचे असतात. म्हणजे पेंटिंगचं बिल 20,000 असेल तर कपात 2,500 ची, दहा हजारांची नव्हे.

डिकी कंपनीच्या गोदामातून यायला वेळ लागला. गाडीवाचून दिवस कठीण गेले. आईची तपासणी जानेवारीत एसटीने जाऊन करून आणली. मोतीबिंदू आहे, पण घाई नाही म्हणाले.

शनिवार, 18 जानेवारी 2025 ला गाडी तयार झाली. मी सकाळच्या उन्हात गेले, कारण रंगातला फरक ट्यूबलाइटखाली कळत नाही. डिकी बंद करून वरून पाण्याची नळी सोडायला लावली आणि आत हात फिरवून बघितला. उजव्या कोपऱ्यात ओल आली. सील परत बसवून घेतलं. एसी अर्धा तास चालवला, हेडलाइटचा झोत भिंतीवर तपासला. बदललेले जुने भाग सर्व्हेयरला दाखवण्यासाठी बाजूला ठेवले होते, त्यांची फेरतपासणी झाली. मात्र वर्कशॉपला पैसे देण्याची कंपनीची लेखी हमी, ज्याला सगळे 'डीओ' म्हणतात, ती शनिवारी आली नाही. त्याशिवाय गाडी सोडत नाहीत. म्हणून डिलिव्हरी शनिवारी संध्याकाळी ठेवू नका. सोमवारी, 20 तारखेला डीओ आला.

एकूण बिल जीएसटीसह 96,480. कंपनीने 93,140 दिले, मी 3,340. त्यातले 1,000 वजावटीचे आणि बाकी एसीचा गॅस, कूलंट, क्लिपा, नटबोल्ट यांचे. कॅशलेस म्हणजे आपल्याला काहीच द्यावं लागत नाही असं नसतं. या बारीकसारीक वस्तूंसाठी कन्झ्युमेबल्सचं वेगळं जोडसंरक्षण असतं, ते माझ्याकडे नव्हतं. समाधानपत्रावर सही केली ती त्या दिवशी, रक्कम भरलेली बघून.

टेम्पोवाल्याकडून काही घेता येतं का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. त्याच्या विम्याविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मालमत्तेच्या नुकसानीचा दावा करता येतो. पण जे पैसे आपल्या कंपनीने दिले ते पुन्हा मागता येत नाहीत, उरलेलेच मागता येतात. माझे उरले होते तीन हजार आणि थोडं. मी तो विचार सोडून दिला.

जे खरंच लागलं ते नूतनीकरणाच्या वेळी. चूक माझी नसली तरी स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, शून्यावर येतो. माझा 35 टक्क्यांवर होता, एप्रिल 2025 मध्ये 45 झाला असता. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता सुमारे 9,000 होता, म्हणजे चार हजारांच्या आसपास सवलत गेली. थर्ड पार्टी विम्याच्या 3,416 रुपयांच्या हप्त्यावर बोनस नसतोच, तो आकडा तसाच राहिला. बोनसची शिडी पुन्हा 20 पासून चढायची, त्यामुळे तोटा एका वर्षाचा नसून पुढच्या काही वर्षांचा आहे. म्हणून पाच-सात हजारांचं काम असेल तर आधी ही बेरीज करा आणि मगच क्लेमचा फोन लावा. या वेळी मी झिरो डेप कायम ठेवलं, कन्झ्युमेबल्स जोडून घेतलं, आणि क्लेम घेतला तरी बोनस टिकवणाऱ्या बोनस संरक्षणाची चौकशी केली, पण क्लेम झालेल्या वर्षी ते मला मिळालं नाही. पुढच्या नूतनीकरणाला पुन्हा विचारणार आहे.